अनुभव धागा: गाडीचा हीटर लावल्यावर येणारे वास

डिसेंबरात पसरणी घाट चढताना किंवा पावसाळ्यात काचेवरचे धुके घालवण्यासाठी हीटर लावला, की काही गाड्यांत नको तो वास पसरतो. वास नेमका कसला हे ओळखता आले, तर निम्मे निदान घरीच होते, असे माझे मत आहे. सातारा-सांगलीकडील वाहनधारकांनी आपले अनुभव कारणासह लिहावेत.

पाचगणी : आमच्या जुन्या डिझेल गाडीत काकवीसारखा गोडसर वास येई आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट थर जमे. इंजिनातले गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) डॅशबोर्डमागच्या हीटर कॉइलमधून फिरते आणि ब्लोअरची हवा तिच्यावरून तापून आत येते. ती कॉइलच पाझरत होती. कूलंटची पातळी उतरत असूनही गाडीखाली थेंब दिसत नव्हता, कारण सगळी गळती डाव्या सीटसमोरच्या कार्पेटमध्ये मुरत होती. कॉइलसाठी पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागला, त्यामुळे मजुरी भारी पडली. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी, पण चवीला गोड असते. अंगणात सांडल्यास कुत्र्या-मांजरांनी चाटण्यापूर्वी धुऊन काढावे.

मेढा : आमच्याकडे कुबट वास होता. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी पाल्याने तुंबल्यामुळे कूलिंग कॉइल ओली राहून तिच्यावर बुरशी धरली होती. आता मुक्कामी पोचण्याच्या थोडे आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवतो.

सांगली : गाडी उसाच्या फडालगत उभी असते. उंदरांनी ब्लोअरमध्ये पाचटाचे घरटे केले होते आणि गरम हवेबरोबर मुताचा उग्र दर्प येई. केबिन फिल्टर बदलून भागले नाही, ब्लोअर काढून धुवावा लागला. डांबरगोळ्या ठेवण्याचा सल्ला सर्रास मिळतो, परंतु मग त्यांचाच वास आत येतो.

कराड : टोलनाक्यावर थांबलो की जळक्या तेलाचा वास येई. टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर) ठिबकत होते. बाहेरची हवा काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून आत येत असल्याने, आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबताच वास कमी होई. त्यावरून मूळ बॉनेटखाली आहे, हे कळले.

धागाकर्ता : सायलेन्सरच्या धुराचा वास आल्यास मात्र त्या बटणावर विसंबू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून काचा उघडून गाडी थांबवावी आणि इंजिन बंद करावे. कराडकरांनी पॅकिंग बदलताच वास थांबला, की आधी सांडलेले तेल जळून जाईपर्यंत राहिला, हेही कळवावे.