नळ बारीक चालू ठेवून झोपायचं? सोलापूरकरांनो, पाइप गोठल्याचे अनुभव लिहा

माझी भाची या डिसेंबरात अमेरिकेतल्या मिनियापोलिसला संसार मांडायला चालली आहे. घर भाड्याचं, जुनं, लाकडी, खाली तळघर. घरमालकानं दिलेल्या सूचनांच्या कागदात एक ओळ आहे: पारा फार उतरला तर स्वयंपाकघरातला नळ रात्रभर बारीक धारेनं चालू ठेवा. ते वाचून आमच्या ताईची झोप उडाली. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात तिचं आयुष्य गेलं. गळका नळ दिसला तर ती शेजारणीच्या मोरीत शिरून बंद करून येते.

आपल्याकडं थंडीचा कडाका म्हणजे दहा-बारा अंश. तेवढ्यात आपण गड्ड्याच्या यात्रेला कानटोपी घालून जातो. पण आपली माणसं आता कुठल्या कुठं जाऊन राहिली आहेत. ज्यांनी गोठलेला पाइप हातानं सोडवलाय त्यांनी लिहा. ऐकीव नको.

जुळे सोलापूर, सध्या मिनियापोलिस

ताईंना सांगा, कागदावरचं खरं आहे. धार पेन्सिलीतल्या शिसाएवढी पुरते. गरम आणि गार, दोन्ही बाजूंनी सोडायची, कारण गरम पाण्याचा पाइपही गोठतो.

2019 च्या जानेवारीअखेर इथं पारा उणे 33 सेल्सिअसपर्यंत गेला होता. आमचं सिंक उत्तरेच्या भिंतीला. सकाळी चहाला नळ सोडला तर थेंब नाही. बाथरूमला मात्र पाणी होतं, म्हणजे मेन लाइन ठीक होती, अडलं होतं सिंकखालीच. कपाट उघडून पाइपवरनं हात फिरवत गेलो. भिंतीजवळच्या एल्बोवर, म्हणजे पाइपच्या वळणावरच्या जोडावर, पांढरं दव धरलं होतं आणि तिथं बोट टेकवलं की चिकटत होतं. जागा सापडली.

नळ पूर्ण उघडा ठेवला, खाली बादली लावली आणि हेअर ड्रायर घेऊन नळाकडून भिंतीकडं, मागं मागं शेकत गेलो. हा क्रम महत्त्वाचा. मधूनच तापवलं तर वितळलेलं पाणी आणि वाफ कोंडून पाइप फुटू शकतो. बराच वेळ काहीच होईना. मग नळात खरखर झाली, दोन-चार शिंतोडे उडाले आणि तुटक तुटक पाणी सुरू झालं. त्यानंतर थंडीची लाट आली की सिंकखालच्या कपाटाची दारं रात्री उघडी टाकतो. घरातली ऊब आत जाते, एवढ्यानं निम्मं काम होतं. त्या एल्बोला फोमची नळीही चढवली. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते.

ब्लोटॉर्चला हात लावू नका. घरं लाकडाची आहेत, भिंतीतलं लाकूड आत धुमसत राहतं आणि कळत नाही.

सासूबाई इथं आल्या होत्या तेव्हा रात्री पाणी प्यायला उठायच्या आणि जाताजाता धार बंद करायच्या. कितीदा समजावलं. शेवटी नळाखाली मोठं पातेलं ठेवलं आणि सांगितलं, हे सकाळच्या भांड्यांचं पाणी भरतंय. त्यानंतर त्यांनी नळाला हात लावला नाही. उलट रात्री उठून पातेलं बदलायला लागल्या.

भवानी पेठ, निवृत्त शिक्षक

मी गोठलेला पाइप पाहिलेला नाही, तेव्हा धाग्याच्या अटीत बसत नाही. पण धारेमागचं कारण कुणी लिहिलं नाही म्हणून चार ओळी.

पाण्याचा बर्फ होताना ते साधारण 9 टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. त्यामुळं बर्फ झाला तिथंच पाइप फुटत असेल असं वाटतं. पुष्कळदा तसं होत नाही. बर्फाचा बोळा वाढत जातो, तो आणि बंद नळ यांच्यामधल्या पाण्याला पळायला जागा उरत नाही, दाब वाढतो आणि पाइप त्या टापूत कुठंतरी फाटतो, अगदी उबदार भागातसुद्धा. नळ किलकिला असेल तर दाब निघून जातो. म्हणजे धार सोडूनही पाइप गोठू शकतो, पण फुटण्याची भीती पुष्कळ कमी होते.

विजापूर रोड, सध्या डॅलसजवळ

सरांनी लिहिलं ते आम्ही फेब्रुवारी 2021 मध्ये छतातून टपकताना पाहिलं. टेक्सासातली घरं उकाडा धरून बांधलेली. पाण्याचे पाइप बऱ्याच घरांत माळ्यावरून नेलेले असतात, त्यांना धड वेष्टनही नसतं. 16 फेब्रुवारीला डॅलसला पारा उणे 19 सेल्सिअस होता आणि त्यातच वीज गेली. वीज नाही म्हणजे घर तापवायचं यंत्र बंद.

गोठलं तोवर नुसतं पाणी बंद होतं. खरा घोळ ऊन पडल्यावर. पाइप आधीच फाटला होता, पण भेगेत बर्फ असल्यामुळं कळलं नव्हतं. बर्फ सुटला आणि हॉलच्या छताचा बोर्ड फुगून लोंबायला लागला. मेन कॉक अंगणात रस्त्याच्या कडेला, जमिनीतल्या डब्यात असतो. त्याचं झाकण बर्फाखाली गडप झालं होतं आणि कॉक फिरवायला लांब दांड्याची चावी लागते. अख्ख्या गल्लीत ती एकाच म्हाताऱ्याकडं होती. तो घरोघर फिरून पाणी बंद करत होता, आपल्याकडं महापालिकेचा चावीवाला फिरतो तसाच, फक्त उलट्या कामाला.

आमच्या बायकोनं मात्र आदल्या रात्रीच बाथटब, कुकर, डबे, पातेली सगळं भरून ठेवलं होतं. नळाच्या दिवशी करतात तसं. शेजारचं कुटुंब दोन दिवस आमच्याकडून फ्लशला पाणी नेत होतं. बादलीनं फ्लश करता येतो हे त्यांना करून दाखवावं लागलं.

मंगळवेढा, माजी सैनिक

आम्ही लडाखला होतो. तिथं नळ चालू ठेवून भागत नाही बघा. धारंचंच खांब होऊन बसंल. तिथला नियम एकच, रात्री पाइपात पाणी ठेवायचं नाही. वरचा कॉक बंद करायचा, खालचे नळ सगळे उघडायचे, लाइन निथळून काढायची. सकाळी ऊन आल्यावर परत जोडायचं. वर चौकीत तर पाइपच नाही. बर्फ आणायचा, बुखारीवर, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीवर, वितळवायचा. जरीकॅन काठोकाठ भरायचा नाही, फुगून फाटतोय.

रजेवर गावी आलो की आई म्हणायची, हौदात पाणी कमी हाय, जपून वापर. मी म्हणायचो, आई, इथं निदान ते वततंय तरी.

सैफुल, सध्या जर्मनी

थोडक्यात लिहितो. इथल्या हीटरच्या चाकावर बर्फाच्या चांदणीचं चिन्ह असतं. चाक तिथं ठेवलं की खोली पाच-सहा अंशांखाली जाऊ देत नाही, आणि ते पाइपसाठी असतं, आपल्यासाठी नाही. सुट्टीत गावी येताना पैसे वाचवायला पोरं हीटर पूर्ण बंद करायला बघतात. करू नका. नुकसान झालं तर भरपाई भाडेकरूच्या गळ्यात पडू शकते.

अशोक चौक, प्लंबिंगचं काम

आपल्याकडं गोठत नाही, चोंदतंय. बोरच्या पाण्याचा क्षार जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपात धरतो. अर्ध्या इंचीचा पाइप कापला की आत करंगळी जात नाही. दुसरं म्हणजे हवा. नळ चार दिवस कोरडा, मग पाणी सुटलं की हवा मधी अडकते. टाकी भरलेली पण खाली नळ फुसफुस करतोय, असं झालं की लोक मोटर बदलायला निघतात. आधी सगळ्यांत खालचा नळ पूर्ण उघडा, हवा जाऊ दे. तरी नाही सुटलं तर मेनच्या नळाला रबरी पाइप लावून त्याचं दुसरं टोक अडलेल्या नळाला धरा आणि उलटं पाणी मारा. टाकीच्या लाइनला वर एअर व्हेंट, म्हणजे एक उभा पाइप, काढून घेतला की ही कटकटच नाही. खर्च किरकोळ.

आणि ओ, उन्हाळ्यात 44 अंशाला गच्चीवरच्या उघड्या पाइपातलं पाणी दुपारी अंगावर घ्यायच्या लायकीचं राहत नाही. ती फोमची नळी आपल्यालाबी चालंल की. फक्त उन्हानं फोमचा भुगा होतो, वरनं पांढरी टेप गुंडाळा.

धागाकर्ता

सगळं ताईला वाचून दाखवलं. पातेल्याची युक्ती तिला एकदम पटली. आता तिचे दोन प्रश्न आहेत. रात्रभराच्या धारेचं बिल किती येतं? आणि पोरगी पुढच्या वर्षी संक्रांतीला गड्ड्याला आली, तर तिकडं रिकाम्या घराचं काय करायचं?

जुळे सोलापूर, सध्या मिनियापोलिस

धारेचं बिल जाणवत नाही. भिंत फोडून पाइप बदलायचं बिल जाणवतं.

रिकामं घर असं ठेवायचं: हीटिंग बंद न करता 13 सेल्सिअसच्या आसपास ठेवायचं, तळघरातला मेन कॉक बंद करायचा, सगळे नळ उघडून लाइन निथळायची, फ्लशची टाकीही रिकामी करायची. मात्र भाड्याचं घर आहे, तेव्हा मालकाला विचारून. एक किल्ली शेजाऱ्याकडं द्यायची आणि आठवड्यातून एकदा आत डोकवायला सांगायचं. हीटिंग बंद ठेवून पाइप फुटला तर विमा कंपन्या बहुधा हात वर करतात.

बागेचा नळ असेल तर ऑक्टोबरातच रबरी पाइप काढा, आतला कॉक बंद करून बाहेरचा उघडा ठेवा. भाची डिसेंबरात पोचतेय, म्हणजे हे मालकानं केलंय का, एवढं फोनवर आजच विचारून घ्या.