आजी 'घरी बसलेली' नव्हती, आणि एकटी तर नव्हतीच

सोऱ्या (धागाकर्ती)
नणंदेने रील पाठवलं. नऊवारीतली पंचविशीची बाई चुलीवर भाकरी थापतेय, मागे बासरी, खाली ओळ: 'हेच खरं बाईपण'. घरच्या ग्रुपवर अकरा जणांनी हात जोडले. मी लेकीसाठी तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली, म्हणजे मी या रीलच्या बाजूची असायला हवी. मला मात्र संताप आला.

परवा हौसेने कुरडया घालायला घेतल्या. गहू तीन दिवस भिजवले, वाटले, सत्त्व काढलं. चीक शिजायला लागल्यावर कळलं की हे एकीचं कामच नाही. एकीने घोटत राहायचं, दुसरीने गरम असतानाच सोऱ्या दाबायचा, तिसरीने पोरांना वाळवणापासून लांब ठेवायचं. माझ्या गुठळ्या झाल्या, लेकीने पसारा केला, मी रडले.

वाईला आजीच्या वाड्यात दुपारी चार बायका निवडणं-टिपणं करत बसायच्या. कुणाचं पोर कुणाच्या मांडीवर झोपलंय ते संध्याकाळी कळायचं. आज तेच घरपण मी बाराव्या मजल्यावर, दार लावून, एकटीने करायचं. आजीसारखं वागायला सांगता, मग आजीभोवतीच्या बायका कुठे आहेत?

उखळमुसळ
वाड्याचं कौतुक वाड्यात न राबलेल्यांना. माझी आई अशाच एका घरातली तिसरी सून. दुपारी एकत्र बसायच्या हे खरं, पण कोणी कधी उठायचं ते सासू ठरवायची. बाळंतपणात माहेरी सव्वा महिना शेकशेगडी आणि डिंकाचे लाडू, तीच काय ती सुट्टी. परत आली ती थेट विहिरीवर. आणि आजीला अकरा झाली, सहा जगली. उरलेली पाच कुठल्या रीलमध्ये दिसतात?

पेठेतला
तुम्ही दोघीही रीलवर उगाच घसरलात. माझी बायको एम.एस्सी. आहे, स्वतःहून घरी राहते. लग्नकार्यात तिला 'सध्या काय करतेस?' विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत मान वळवतात. निदान त्या रीलने तरी तिला नमस्कार केला. लहान मुलाला पहिली काही वर्षं आई लागते, हे म्हणणं मागासलेलं कधीपासून झालं?

उखळमुसळ
नमस्काराने पोट भरत नाही. २००१च्या जनगणनेत गृहिणींना बिनकामाच्या लोकांत, भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं होतं. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात-भरपाईच्या खटल्यात त्यावर ताशेरे ओढले. बाई गेल्यावर तिच्या कामाची किंमत काढतो आपण, तीही विमा कंपनीशी भांडून!

आणि 'स्वतःहून' म्हणताय म्हणून विचारते. तिच्या ऑफिसात पाळणाघर होतं का? २०१७च्या कायदा-दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे ते सक्तीचं केलं.

बारा_बाय_दहा
हे सगळं पांढरपेशांचं भांडण चाललंय, राग मानू नका. माझी पणजी लालबागची, गिरणीत वाइंडिंग खात्यात. 'पूर्वी बायका घरी असायच्या' हे आमच्याकडे कुणी म्हटलंच नाही. बाळंतपणाच्या रजेचे पैसे मिळावेत म्हणून १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले आणि १९२९ला कायदा झाला. तो कोणासाठी होता? घरी बसलेल्यांसाठी नक्कीच नाही.

आजी मात्र घरात असायची, खाणावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले पंधरा गिरणीकामगार तिच्याकडे दोन वेळ जेवायचे. बारा बाय दहाच्या खोलीत पंधरा पानं, मांडीवर माझा बाप. किराण्यासाठी सावकाराकडून कर्ज, आणि व्याज फेडता फेडता दागिने गेले. प्रेमा पुरव यांनी १९७५ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. शिरगणतीवाला दारात आला की आजोबा सांगायचे, 'ती काही करत नाही.' पंधरा जणांचा रस्सा उकळत असायचा मागे.

सोऱ्या
@बारा_बाय_दहा, हे मला खरंच सुचलं नव्हतं. माझ्या डोळ्यासमोर फक्त वाडा होता.

@उखळमुसळ, जाच होता हे मान्य. पण तो गेला तेव्हा सोबतही गेली, आणि काम गेलंच नाही. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. मिक्सर, कुकर, वॉशिंग मशीन सगळं येऊनही पाच तास! सासू गेली, तिच्या जागी रील आलं, एवढाच फरक.

पेठेतला
पाळणाघराचं विचारलंत. नव्हतं. पन्नास कसले, चारशेच्या वर लोक होते तिथे. हे मी आधी त्या बाजूने पाहिलं नव्हतं, कबूल. तरी तिला घरी आवडतं हेही खरं आहे, ते खोटं पाडू नका. आणि ९७ मिनिटं वाचून गप्प बसलोय. (माझी बहुधा चाळीस. चहा धरून.)

उखळमुसळ
चहा धरला तर सगळेच कर्तबगार.

आत्ता आईला हा धागा वाचून दाखवला. विचारलं, पुन्हा तशा घरात राहशील का? म्हणाली, "जावा हव्यात, सासू नको." मग स्वतःच हसत सुटली, कारण माझी वहिनी ओट्यापाशीच उभी होती.

सोऱ्या
काकूंना साष्टांग! अर्धा किलो गव्हाचं सत्त्व अजून फ्रीजमध्ये आहे. कोथरूडच्या आसपास कुणी असेल तर रविवारी सकाळी या, पोरांना घेऊन.

बारा_बाय_दहा
डोंबिवलीहून येतो. सोऱ्या मी दाबतो, पण आधी वाटीभर चीक, तूप आणि साखर घालून.