मदत हवी आहे: पाच महिन्यांचं बाळ एकच हात वापरतंय

माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. तिसऱ्या महिन्यात तिला स्वतःचा हात सापडला. मूठ डोळ्यांसमोर धरून उलटसुलट फिरवत बघत राहायची, आणि मग अख्खी मूठ तोंडात! खुळखुळा चोखला तर तो फक्त तोंडाला जाणवतो. स्वतःचं बोट चोखलं की तोंडालाही कळतं आणि बोटालाही. या दुहेरी स्पर्शातूनच बाळाला आपलं अंग ओळखीचं होत जातं, म्हणून मी तिला हातमोजे घालत नाही, नखं तेवढी वेळच्या वेळी कापते.

आता पायही सापडलेत. लंगोट बदलताना पाय वर जातात आणि ती अंगठा घट्ट पकडते. पण नेहमी उजव्याच हाताने. डावी मूठ बहुतेक वेळा मिटलेलीच असते. खेळणं डावीकडे धरलं तरी उजवा हात छातीवरून पलीकडे नेते. घरचे म्हणतात, उजवखोरी असेल. मला ते पटत नाही. उजवा-डावा कल पहिल्या वर्षात ठरत नाही, आणि इतक्या लवकर एकच हात चालत असेल तर दाखवून घ्यायला हवं. बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.

कुणाच्या बाळाचं असं झालं होतं का? डॉक्टरांनी काय काय तपासलं? फिजिओथेरपी लागली का? मी व्हिडिओ काढून नेणार आहे, त्यात नेमकं काय टिपू? खूप काळजी वाटतेय, अनुभव असेल तर कृपया सांगा.