मदत हवी आहे: उभं राहून चालवायची ई-स्कूटर की ई-सायकल?

पुण्यात घर वनाजजवळ, ऑफिस खराडीत. रामवाडीपर्यंत मेट्रो, पुढे पाच-सहा किलोमीटर. रिक्षा रोज परवडत नाही, बसची वेळ जुळत नाही. वजन 84 किलो, पाठीवर लॅपटॉप. बजेट 35 हजार. परवाना-नोंदणी नको, म्हणून 250 वॅट आणि ताशी 25 किमीच्या आतलंच घेणार.

मित्राची उभ्याची स्कूटर दोन दिवस चालवली. घडी घालून मेट्रोत सहज नेता येते, ऑफिसात टेबलाखाली मावते. पण साडेआठ इंची चाकं, टायर भरीव. पेव्हर ब्लॉकवर मनगटं बधिर झाली. एका स्पीडब्रेकरला पुढचं चाक असं अडकलं की तोल गेला, थोडक्यात वाचलो.

ई-सायकलही चालवून पाहिली. खड्ड्यांत ती कितीतरी भरवशाची, बॅटरी संपली तरी पेडल आहेच. पण वजन 22 किलो, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बॅटरी काढून वर नेता येईल, सायकल खालीच ठेवावी लागेल. ऑफिसात चार्जिंगला परवानगी आहे.

दहा इंची, हवेच्या टायरची स्कूटर पुण्यातल्या रस्त्यांवर पावसाळ्यात रोज कुणी चालवतं का? ब्रेक आणि पंक्चरचा अनुभव कसा आहे? की सरळ सायकलच घेऊ?