ओएफडीएम लिंक: टायमिंग लूप चालू केला की चॅनल एस्टिमेट अजूनच बिघडतं

खारपाणपट्टा_५८००:
दर्यापूर तालुक्यातल्या दोन गावांमध्ये ६ किमीची ओएफडीएम लिंक (डेटा अनेक बारीक वाहक लहरींवर, म्हणजे सबकॅरियरवर, वाटून पाठवणारी) आहे. एक टोक पाण्याच्या टाकीवर, दुसरं शाळेच्या स्लॅबवर. दोन्हीकडे एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ), ५.८ गिगाहर्ट्झ. मोडेम आमचाच: ६४ चा एफएफटी (सॅम्पलांमधून सबकॅरियर वेगळे काढणारं गणित), सेकंदाला ५० लाख सॅम्पल, सायक्लिक प्रीफिक्स (सिंबॉलच्या शेपटीची पुढे जोडलेली नक्कल) १६ सॅम्पल, म्हणजे सिंबॉल १६ मायक्रोसेकंदांचा. सबकॅरियर ५२, पायलट (आधीच ठरलेले संदर्भ-सिग्नल) ±७ आणि ±२१ वर, पॅकेट २०० सिंबॉलचं. लिंक जागची हलत नाही म्हणून दर पॅकेटच्या प्रिअ‍ॅम्बलवरून (सुरुवातीच्या ठरलेल्या सिंबॉलांवरून) निघालेलं चॅनल एस्टिमेट (वाटेत दर सबकॅरियरची उंची आणि फेज किती बदलली याचा अंदाज) मागच्या पॅकेटांसोबत सरासरीत घेतो, नॉइज कमी व्हावा म्हणून.

सकाळी क्यूपीएसके (चार फेजांत डेटा भरणारं मोड्युलेशन) स्वच्छ येतं. दुपारी पॅकेटच्या शेवटाकडे काठाचे सबकॅरियर फिरतात, मधले शाबूत राहतात. सरासरी एस्टिमेटचा ग्राफ काठाला खचलेला दिसतो, एकट्या पॅकेटचा मात्र सपाट. पायलटवरून टायमिंग लूप (वेळेची चूक सतत मोजून सुधारणारा कोड) लावला तर सगळंच डोलायला लागतं. सीएफओ (दोन टोकांच्या कॅरियर फ्रिक्वेन्सीतला फरक) सकाळी ४१ किलोहर्ट्झ, दुपारी १०४. अँटेना हलत असेल, की जिनिंगच्या टिनाचं रिफ्लेक्शन?

टिनपेटी:
भाऊ, अँटेनाला उगाच दोष नका देऊ. उत्तर तुमच्या सीएफओतच आहे. कॅरियर आणि सॅम्पलिंग क्लॉक एकाच क्रिस्टलवरून निघत असतील (बहुतेक बोर्डांवर तसंच असतं, तरी तपासा) तर ४१ किलोहर्ट्झला ५८०० मेगाहर्ट्झनं भागा: ७ पीपीएम (दहा लाखांत ७). दुपारचे १०४ म्हणजे १८ पीपीएम. मे महिन्यात टाकीवरच्या बंद पेटीत क्रिस्टल इतका सरकणारच.

१८ पीपीएम म्हणजे सेकंदाला ९० सॅम्पलचा फरक. तुमचं पॅकेट ३.२ मिलिसेकंदांचं, तेवढ्यात ०.२९ सॅम्पल सरकतात. एक सॅम्पल सरकलं की दर सबकॅरियरमागे ५.६ अंश, म्हणजे २६ व्याला १४६ अंश. त्याचे ०.२९ पट म्हणजे ४२. क्यूपीएसकेची हद्द ४५ अंशांवर, थोडा नॉइज आला की गेलं. १६-क्यूएएमचा (१६ बिंदूंच्या मोड्युलेशनचा) कोपऱ्यातला बिंदू तर १७ अंशांतच हद्द ओलांडतो. दोन्हीकडे ०.५ पीपीएमचा टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल ऑसिलेटर) बसवा, पेटीला सावली करा, प्रश्न मिटला.

पायलट_सात:
अर्धाच मिटला. टीसीएक्सओनं पॅकेटच्या आतलं सरकणं दोन-अडीच अंशांवर येईल, हे खरं. पण काठ खचतो त्याचं काय? पॅकेट डिटेक्टर सुरुवात कधी एक सॅम्पल अलीकडे पकडतो, कधी पलीकडे. क्रिस्टल सोन्याचा लावला तरी ते होणारच. एका सॅम्पलचा फरक असलेली दोन एस्टिमेट तशीच मिसळली तर २६ व्या सबकॅरियरवर १४६ अंशांच्या कोनातले दोन बाण जोडले जातात आणि सरासरीची उंची ०.२९ वर येते, जवळपास ११ डीबी खाली. मध्यावर कोन लहान, म्हणून तिथे काही कळत नाही. चॅनल खचलेलंच नाही, खचली ती सरासरी.

लूप डोलतो त्याचं मूळही हेच. टायमिंगची चूक तुम्ही साठवलेल्या एस्टिमेटच्या तुलनेत मोजता. लूपनं खिडकी (एफएफटीला घेतलेले ६४ सॅम्पल) सरकवली, पण साठवलेलं एस्टिमेट जुन्याच जागी राहिलं. पुढच्या सिंबॉलला पायलट सांगतात ‘एक सॅम्पलची चूक आहे’, लूप खिडकी परत ओढतो. म्हणून एफएफटीची खिडकी ड सॅम्पल पुढे नेली की त्याच क्षणी साठवलेल्या एस्टिमेटचा क क्रमांकाचा सबकॅरियर ३६०×क×ड/६४ अंशांनी फिरवा. क ऋण असेल तर कोनही ऋण. चिन्ह बरोबर आहे का, ते मुद्दाम एक सॅम्पल सरकवून बघा: चुकलं असेल तर उतार शून्यावर यायच्या ऐवजी दुप्पट होतो.

चूक मोजायला +२१ आणि −२१ च्या उरलेल्या फेजमधला फरक घ्या. एका सॅम्पलला तो २३६ अंश होतो. ±०.७६ सॅम्पलपलीकडे तो गुंडाळला जातो, त्यामुळे आधी ±७ वरून ढोबळ अंदाज घेतलेला बरा. अपूर्णांक सॅम्पलची दुरुस्ती खिडकीनं करूच नका, इक्वलायझरमध्ये (चॅनलचा परिणाम काढून टाकणाऱ्या टप्प्यात) फेजचा उतार देऊन करा. साचलेली चूक अर्ध्या सॅम्पलवर गेली की खिडकी एकानं हलवा, साचलेल्या चुकीतून १ वजा करा, एस्टिमेट फिरवा. तिन्ही कामं एकाच सिंबॉलच्या हद्दीवर.

खारपाणपट्टा_५८००:
खिडकी हलवायचा हुकूम बफरमधून जातो, ३-४ सिंबॉल उशिरा लागू होतो. चालेल? आणि खिडकीची सुरुवात इम्पल्स रिस्पॉन्सच्या (कोणता किरण किती उशिरा, किती जोरात पोचतो त्या आलेखाच्या) सर्वांत उंच टॅपवर (टोकावर) धरतो.

पायलट_सात:
उशीर चालेल, पण हुकुमावर सिंबॉल क्रमांक टाका आणि एस्टिमेट त्याच क्रमांकावर फिरवा. मधल्या सिंबॉलांवरून नवा हुकूम देऊ नका, नाहीतर एकाच चुकीची दोनदा दुरुस्ती होते.

उंच टॅपचा नाद सोडा. जिनिंगच्या शेडवरून ३०० मीटर जास्तीचा रस्ता असेल तर तो टॅप ५ सॅम्पल मागून येतो. थेट किरण थोडा दबला की खिडकी ५ सॅम्पल उशिरा सुरू होईल आणि पुढच्या सिंबॉलमध्ये घुसेल. पहिला पोचलेला टॅप धरा. मात्र ५२ सबकॅरियरचा आयएफएफटी (उलटा एफएफटी) सरळ घेतला तर −१३ डीबीचे साइडलोब (खऱ्या टॅपच्या बाजूचे खोटे उंचवटे) येतात, तेच ‘पहिला टॅप’ म्हणून पकडले जातील. आधी हॅनिंग विंडो (काठाचे सबकॅरियर हळूहळू दाबणारं वजन) लावा, मग उंच टॅपच्या १५ डीबी खालपर्यंत शोधा. खिडकी त्याच्याही ४ सॅम्पल अलीकडे ठेवा. मागे १२ उरतात, ७२० मीटरचा जास्तीचा रस्ता त्यात बसतो.

टिनपेटी:
त्या ४ सॅम्पलांमुळे दर सबकॅरियरला २२.५ अंशांचा उतार येतो. एस्टिमेट फ्रिक्वेन्सीत स्मूथ करत असाल तर आधी तो काढा, नंतर परत घाला. आणि टाकीवर चढायच्या आधी घरीच ३० डीबीचे दोन अ‍ॅटेन्युएटर लावून दोन्ही बोर्ड केबलनं जोडा, एकाच्या क्रिस्टलवर हेअर ड्रायर धरा. केबलमध्ये रिफ्लेक्शन नसतं. तिथेही काठ खचला तर दोष कोडमध्येच.