डीएम झालेल्या जर्मन शेफर्डची घरातली काळजी: व्यायाम, लघवी, चाकांची गाडी

शेफर्डघर

आमची जर्मन शेफर्ड कुत्री, वय १०, वजन ३१ किलो. मागचे दोन्ही पाय लटपटतात, उजवा जास्त. चालताना पंजा उलटा पडतो, मधल्या दोन बोटांची नखं वरून घासून रक्त येतं. पाठ दाबली तरी दुखल्याची खूण नाही. एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर कुठे दाब दिसला नाही आणि एसओडी१ जनुकाच्या चाचणीत दोन्ही प्रती सदोष आल्या. डॉक्टरांनी डीजनरेटिव्ह मायलोपथी (डीएम, म्हणजे मज्जारज्जू हळूहळू झिजत जाण्याचा आजार) सांगितलंय. आजार थांबवणारं औषध नाही हे समजलं. रोज नेमकं काय करायचं ते हवंय. व्यायाम किती? घसरण्यावर उपाय काय? लघवीचं पुढे काय होतं? आणि गाडी कधी घ्यावी? सध्या लघवी-शी तिच्या ताब्यात आहे.

मणका_व_पाय

आधी निदानाबद्दल एक गोष्ट. दोन सदोष प्रती म्हणजे फक्त धोका. अशा कित्येक कुत्र्यांना हा आजार आयुष्यभर होत नाही. पक्कं निदान मृत्यूनंतर मज्जारज्जू तपासूनच होतं, जिवंतपणी बाकीची कारणं बाद करत तिथवर यावं लागतं. तुमचा एमआरआय झालाय हे फार चांगलं. तरी ध्यानात ठेवा: डीएम हळूहळू वाढतो आणि दुखत नाही. एका दिवसात पाय गेले किंवा ती कण्हायला लागली तर ‘आजार वाढला’ असं समजून थांबू नका. मणक्यातली चकती सरकणं याच कुत्रीला वेगळंही होऊ शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता व्यायाम, कारण खरा फरक इथे पडतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२ कुत्र्यांच्या अभ्यासात रोज नीट फिजिओथेरपी मिळालेली कुत्री सरासरी २५५ दिवस जगली, मध्यम मिळालेली १३० आणि अजिबात न मिळालेली ५५. अभ्यास लहान होता, तेव्हा आकडे तुमच्या कुत्रीला जसेच्या तसे लावू नका. दिशा मात्र स्पष्ट आहे.

एकदाच ४० मिनिटं फिरवण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा ५ ते १० मिनिटं, सपाट आणि पकड मिळणाऱ्या जमिनीवर, अगदी सावकाश. सावकाश अशासाठी की पळताना ती दोन्ही मागचे पाय एकत्र उडवून वेळ मारून नेते. हळू चालताना प्रत्येक पाय वेगळा टाकावाच लागतो. पंजा नेहमीपेक्षा जास्त वेळा उलटायला लागला की तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी लटपट वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं असं धरा.

घरात: चारही पाय सरळ ठेवून उभी करा, कमरेला दोन्ही बाजूंनी हात लावा आणि वजन हळूच डावीकडे-उजवीकडे ढकला, दहा-बारा वेळा. बसून उठणं पाच वेळा, लागलं तर कमरेला आधार देऊन. मग कुशीवर झोपवून बोटं, घोटा, गुडघा, खुबा असा एकेक सांधा १० ते १५ वेळा वाकवा-सरळ करा. सांध्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे हात हवा. अडलं की पुढे रेटायचं नाही. शेवटी बोटांच्या मधे गुदगुल्या करून तिला पाय आखडून घ्यायला लावा. पाण्यातला ट्रेडमिल मिळत असेल तर उत्तम, शरीर तरंगल्यामुळे कमी ताकदीत पूर्ण पाऊल पडतं.

स्टेरॉइडचा आग्रह कोणी केला तर कारण विचारा. डीएममध्ये फायदा दिसलेला नाही, उलट स्नायू वितळतात, तहान-लघवी वाढते.

पंजे_आणि_फरशी

रक्त येतंय म्हणजे नखांचं आजच बघा. चालताना मजबूत तळाचा बूट घाला, ज्याचं टोक जाड आहे असा. घरात आल्याबरोबर काढा, कारण घामट, ओल्या बुटात बोटांच्या मधे जखमा होतात आणि संवेदना कमी असल्यामुळे ती चाटून किंवा लंगडून सांगेलच असं नाही. रोज रात्री पंजे उलटे करून बघायची सवय लावा. नखं आखूड, पंजाच्या गादीमधले केस फरशीला टेकणार नाहीत इतके कापलेले.

फरशीवर सुटे गालिचे नकोत, ते स्वतःच सरकतात. रबरी तळाच्या चटया किंवा योगा मॅट पाण्याच्या भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत सलग अंथरा; मधे एक फूट मोकळी फरशी राहिली तर पाय तिथेच फाकतात. जेवणाचं भांडं छातीच्या उंचीला ठेवा.

उचलायला पोटाखालून टॉवेल हा दोन दिवसांचा उपाय. तो मूत्राशयावर दाबतो. कमरेला बसणारा, वर मूठ असलेला मागचा हार्नेस घ्या. आणि वजन! बरगड्या हलक्या हाताला लागल्या पाहिजेत. पुढच्या पायांवर आता दुप्पट काम आहे, प्रत्येक जादा किलो त्यांनाच उचलावा लागतो.

रात्रपाळी

लघवीची तयारी आधीच करा. डीएममध्ये ताबा सहसा उशिरा जातो, पण गेल्यावर शिकायला वेळ मिळत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट: थेंब थेंब गळतंय म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय असं नाही. बऱ्याचदा ते तुडुंब भरून वरचं सांडत असतं. साठलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो. रिकामं करायचं तंत्र डॉक्टरांसमोर, त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवून शिका. थोडक्यात असं: तिला आधार देऊन उभी करा किंवा कुशीवर घ्या, मागच्या मांड्यांच्या किंचित पुढे पोटाच्या दोन्ही बाजूंना तळवे सपाट ठेवा. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं काही हाताला लागेल. बोटं न खुपसता तळव्यांनी आत आणि शेपटीच्या दिशेने एकसारखा दाब द्या, धार सुरू झाली की तोच दाब धरून ठेवा. धार थांबली की सोडा, पुन्हा चाचपा. दर ६ ते ८ तासांनी.

धारच येत नसेल तर जोर वाढवू नका. या आजारात मूत्रमार्गाचा झडपस्नायू आवळलेला राहू शकतो. अशा वेळी तो सैल करणारं प्राझोसिनसारखं औषध डॉक्टर देतात. त्याने रक्तदाब उतरतो, म्हणून मात्रा त्यांच्याकडूनच.

जळजळ तिला जाणवेलच असं नाही, त्यामुळे वास, गढूळपणा आणि रंग तुम्हालाच बघावे लागतील. दर दोन-तीन महिन्यांनी लघवीची कल्चर तपासणी (जंतू वाढवून बघण्याची) करून घेणं शहाणपणाचं.

ओल्या कातडीचं: मांड्यांच्या आतले केस बारीक कापा, कोमट पाण्याने धुवा, टिपून पूर्ण कोरडं करा, मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. बाळांची झिंक ऑक्साइडची मलमं नकोत, चाटली तर झिंकची विषबाधा होते. डायपर सतत नाही, आणि ओला झाला की लगेच काढायचा. उठता येईनासं झालं की दर दोन ते चार तासांनी कूस बदला आणि खुबा, घोटा, कोपर यांवर लाली येतेय का बघा.

चाकांवर

गाडी आत्ताच मागवा, पाय पूर्ण जायची वाट बघू नका. चालणं जमतंय तोवर कुत्रं गाडी सहज स्वीकारतं आणि मागचे पाय जमिनीला हलके टेकवत व्यायामही होतो.

मणका_व_पाय

माप आत्ता घ्यायला हरकत नाही, पण वापरात जपून. अजून स्वतः तोल सांभाळू शकणाऱ्या कुत्रीला दिवसभर गाडीत ठेवलं तर उरलेले स्नायू काम सोडतात. ती घरात आपल्या पायांवर, हार्नेसच्या आधाराने चालू दे. गाडी लांबच्या फेरीपुरती.

चाकांवर

मान्य. सुरुवातीला १० ते १५ मिनिटं पुरेत, आणि गाडीत एकटी सोडायची नाहीच. उलटली किंवा अडकली तर ती सुटू शकत नाही.

शेफर्डघर

सगळ्यांचे मनापासून आभार. मूत्राशयाचं डॉक्टरांकडून याच आठवड्यात शिकतो. गाडीचं माप कसं घ्यायचं आणि नीट बसलीय हे कसं ओळखायचं?

चाकांवर

दोन माणसं लागतील. एकाने तिला कमरेतून उचलून निरोगी असताना उभी राहायची तितक्या उंचीवर धरायचं. ती खचलेली असताना घेतलेलं माप नेहमी कमी येतं. दुसऱ्याने जमिनीपासून जांघेच्या घडीपर्यंतची उंची, कमरेची रुंदी आणि खांद्यामागून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजायची. वजन ताजं द्या.

बसवल्यावर बाजूने बघा: पाठ सपाट हवी. मागची बाजू वर असेल तर सगळा भार पुढच्या खांद्यांवर जातो. गाडीचा पुढचा पट्टा एका बोटाने उचलता आला पाहिजे. जड लागला तर चाकं थोडी पुढे सरकवा, आपोआप वर उडत असेल तर मागे. पाय फरफटायला लागले की मागच्या दोऱ्यांत अडकवा. प्रत्येक फेरीनंतर जांघ आणि काखा तपासा, लाली दिसली तर तिथे मऊ पॅडिंग लावा. पुढे पुढचे पायही कमजोर झाले तर चार चाकांची गाडी लागते, म्हणून पुढची चाकं नंतर जोडता येतील असाच सांगाडा निवडा.