मुलीसाठी घर बघतोय, चांगलं कसं ओळखायचं?

प्रेषक: श्रीकांत, लेस्टर

नमस्कार मंडळी,

आमची धाकटी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गणपतीत कानांवर हेडफोन चढवून पहिल्या रांगेत बसते आणि आरतीची टाळी मात्र एकही चुकवत नाही, ती. आता २६ वर्षांची झाली. ऑटिझम, जोडीला लर्निंग डिसॅबिलिटी (बौद्धिक अक्षमता). बोलते थोडं, समजतं त्याच्या कितीतरी पट. मी ६४ चा, आणि हिच्या, म्हणजे बायकोच्या, दोन्ही गुडघ्यांनी हात टेकलेत. रात्रीचं उठणं आता दोघांनाही निभत नाही.

काउन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) सोशल वर्करने दोन केअर होम सुचवलीत. एक गाडीने पावणेदोन तासांवर: चौदा जणांची सोय, सेन्सरी रूम, पोहायचा छोटा तलाव, सीक्यूसीचा (केअरच्या जागा तपासणाऱ्या इथल्या नियामक संस्थेचा) शेरा 'आउटस्टँडिंग'. दुसरं आमच्याकडून बसने वीस मिनिटांवर: चार जणांचं साधं सेमी-डिटॅच्ड घर, कार्पेट विटलेलं, शेरा 'गुड'. हिचा कल पहिल्याकडे आहे, नुसती बाग बघूनच हरखलीये. माझं मन ठरत नाही. ज्यांची मुलं अशा घरांत राहतात त्यांनी सांगा, नेमकं बघायचं काय? इथे लिहायला संकोच वाटला तर फोन करा.

श्रीकांत

---

प्रेषक: अनंत, हॅरो

श्रीकांत, स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. आपल्याकडे अशी मुलं घरात वाढतात आणि घरातच म्हातारी होतात. इथल्या होम्समध्ये काय चालतं ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय. तुझा पुण्यात फ्लॅट आहे. चोवीस तासांची बाई ठेव. नाहीतर डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे, तिथे चौकशी कर. आपली भाषा, आपलं जेवण, आपली माणसं.

अनंतकाका

---

प्रेषक: वसुधा, रेडिंग

श्रीकांतभाऊ,

तलाव बाजूला ठेवा. माझा मुलगा बरीच वर्षं घराबाहेर राहतोय. पहिल्या जागेतून आम्ही त्याला काढलं, दुसऱ्या जागेत तो रुळला. शेरा दोन्हीकडे एकच होता, 'गुड'.

म्हणून शेऱ्याआधी त्याची तारीख वाचा. २०२४ मध्ये डॉ. पेनी डॅश यांनी सरकारसाठी सीक्यूसीच्याच कारभाराची तपासणी केली, तेव्हा काही जागा कित्येक वर्षं पुन्हा तपासल्याच गेल्या नव्हत्या असं उघड झालं. ज्या मॅनेजरच्या काळात 'आउटस्टँडिंग' मिळालं ती आज तिथे आहे का? मॅनेजर बदलली की चार-सहा महिन्यांत घराचा वास बदलतो. अहवालाची फक्त पहिली ओळ वाचू नका, राहणाऱ्या लोकांबद्दल आणि कर्मचाऱ्यांबद्दल आत काय लिहिलंय ते वाचा. पानभर धोरणं आणि माणसं दोन ओळींत असतील तर मी तरी तिथे पाऊल टाकणार नाही.

घर बघायला ते सकाळी अकराला बोलावतील. जा, चहा प्या, या. मग शनिवारी संध्याकाळी सहाला पुन्हा जा. त्या वेळी मॅनेजर नसते, डे सेंटर बंद असतं, स्वयंपाक चाललेला असतो, आणि राहणारे काय करतायत ते दिसतं. ड्यूटीवर कोण आहे, त्यातले एजन्सीचे, म्हणजे तात्पुरते पाठवलेले, किती, ते विचारा. एजन्सीचा माणूस वाईट असतो असं नाही, पण तो आज इथे, उद्या स्विंडनला. आमच्या मुलाला कुणी मागून हात लावला की तो दचकून ढकलतो. रोजच्या माणसाला ते माहीत असतं, तो समोरून येतो. नवा मागून येतो, ढकलला जातो, आणि रजिस्टरमध्ये 'आक्रमक वर्तन' अशी नोंद होते. अशा दहा नोंदी जमल्या की मीटिंगमध्ये गोळ्यांचा विषय निघतो.

पहिल्या ठिकाणी रोजच्या नोंदीत 'कम्युनिटी अ‍ॅक्सेस' असं छापल्यासारखं लिहिलेलं असायचं. मला वाटायचं बागेत नेत असतील. नीट विचारल्यावर कळलं, गाडीत बसवून पेट्रोल पंपापर्यंत न्यायचे, कर्मचाऱ्याच्या सिगरेटी घ्यायचे आणि परत. काउन्सिल त्याच्यासाठी एकास-एक तासांचे (एक कर्मचारी फक्त त्याच्यासाठी) वेगळे पैसे मोजत होती. तेव्हा मुलीला असे तास मंजूर झाले तर ते रोट्यावर (ड्यूटीच्या तक्त्यावर) कुठे दिसतात ते मागा. "मंगळवारी दुपारी ती काय करेल?" हा साधा प्रश्न विचारा. "आमच्याकडे खूप अ‍ॅक्टिव्हिटीज असतात" हे त्याचं उत्तर नाही.

बाकीचे तिघे कोण आहेत हेही बघा. ब्रोशरात ते कधीच नसतात, आणि राहायचं तर त्यांच्याचबरोबर असतं.

आता अंतर. पावणेदोन तास म्हणजे तुम्ही महिन्यातून एकदा, आधी कळवून, जेवणाचा डबा घेऊन जाणार. वहिनींचे गुडघे आणखी बिघडले की तेवढंही नाही. वीस मिनिटांवर असाल तर मनात आलं की डोकावाल. न सांगता डोकावणारं माणूस असणं, मला तरी याहून मोठी तपासणी माहीत नाही. एप्रिल २०२४ पासून केअर होमला भेटीगाठी होऊ देणं कायद्याने बंधनकारक आहे, फारच अपवादाची परिस्थिती सोडून. तरी "अपॉइंटमेंट घेऊन या" म्हणणारे भेटतीलच.

जेवणाचं: आमच्या आत्ताच्या मॅनेजरने मला स्वयंपाकघरात उभं करून वरण शिकून घेतलं. फोडणी घातली आणि स्मोक अलार्म वाजला, सगळं घर बाहेर. आता ते मागच्या दाराशी फोडणी करतात. असलं काही करायची तयारी आहे का, हे पहिल्या भेटीतच कळतं.

अनंतकाका, 'घरकुल'बद्दल मलाही आदर आहे. पण ते तिथल्या आईवडिलांनी स्वतःच्या मुलांसाठी उभं केलं आणि त्यांचाच तिथे राबता असतो. लेस्टरमध्ये जन्मलेल्या मुलीला तिथे ठेवून आपण परत आलो तर तिच्यासाठी डोकावणार कोण? आणि पुण्यातल्या बाईवर चोवीस तास नजर कोण ठेवणार?

वसुधा

---

प्रेषक: प्राजक्ता, ब्रिस्टल

मी लर्निंग डिसॅबिलिटी नर्स आहे, म्हणून थोडं लिहिते.

काकांनी टीव्हीवर पाहिलं ते बहुधा विंटरबोर्न व्ह्यू, इथून जवळच. मे २०११ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा'ने लपवलेल्या कॅमेऱ्याने तिथली मारहाण दाखवली, अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली, त्यातले सहा तुरुंगात गेले. ते केअर होम नव्हतं, २४ खाटांचं खासगी हॉस्पिटल होतं, आणि माणशी आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड घेत होतं. म्हणजे पैशांची कमतरता हे कारण नव्हतं. तिथल्या एका वरिष्ठ नर्सने आधी व्यवस्थापनाला आणि मग सीक्यूसीला कळवलं होतं, कुणी दखल घेतली नाही. भेटायला येणाऱ्या घरच्यांना वरच्या मजल्यावर, रुग्णांच्या खोल्यांपर्यंत जाऊ देत नव्हते. त्यामुळे वसुधाताईंच्या यादीत एक भर: तिची खोली कुठली असेल ते बघायला मिळतं का, आणि नंतरही थेट तिथपर्यंत जाता येईल का, हे विचारा. २०१९ मध्ये डरम काउंटीतल्या व्हॉर्ल्टन हॉलमध्ये पुन्हा तेच चित्र दिसलं. तेही हॉस्पिटलच होतं, आणि सीक्यूसीचा शेरा होता 'गुड'.

एका बाबतीत मात्र ताईंशी माझं जमत नाही. लहान घर आपोआप चांगलं नसतं. चार राहणारे, दोन कर्मचारी, पडदे ओढलेले, बाहेरचं कुणी येत नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. मोठ्या जागेत निदान जास्त डोळे असतात. सीक्यूसीचा कल लहान घरांकडे आहे आणि तो योग्यही आहे, पण घरात जीपी (फॅमिली डॉक्टर), स्पीच थेरपिस्ट, नर्स, शेजारी, कुणी ना कुणी सतत येतं-जातं का ते बघा. कर्मचारी किती दिवस टिकतात तेही. २०२३-२४ मध्ये इंग्लंडच्या सोशल केअरमध्ये वर्षाला साधारण चारातला एक माणूस नोकरी सोडत होता. मधली काही वर्षं परदेशातून, आपल्याकडूनही, बरेच केअर वर्कर आले. जुलै २०२५ मध्ये बाहेरून नवीन भरतीची ती वाट बंद झाली. तेव्हा "रिकाम्या जागा किती आहेत?" हा प्रश्न आज फार महत्त्वाचा आहे.

तब्येतीचं कुणी विचारत नाही आणि घात तिथेच होतो. इथे लर्निंग डिसॅबिलिटी असलेली माणसं इतरांपेक्षा सुमारे वीस वर्षं आधी जातात, आणि त्यातले कितीतरी मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. बद्धकोष्ठ ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याने माणसं दगावलेली आहेत. ज्याला पोट दुखतंय हे सांगता येत नाही तो डोकं आपटतो, आणि सगळे म्हणतात, "त्याचं तसंच आहे." तिला दुखतं तेव्हा ती काय करते, हे एका कागदावर लिहून द्या. मराठीत कुठला शब्द वापरते तोही. जीपीच्या लर्निंग डिसॅबिलिटी रजिस्टरवर नाव आहे ना? असेल तर वर्षातून एकदा पूर्ण तपासणी मिळते. तिला बरोबर कोण नेणार ते आधी ठरवून घ्या.

गोळ्या: चित्तभ्रमाच्या आजारावरची औषधं तो आजार नसताना, नुसतं वागणं आवरायला दिली जातात. हे कमी करायला एनएचएसने (इथल्या सरकारी आरोग्यसेवेने) २०१६ मध्ये 'स्टॉम्प' मोहीम सुरू केली. पब्लिक हेल्थ इंग्लंडचा अंदाज होता की इंग्लंडमध्ये लर्निंग डिसॅबिलिटी असलेली ३०,००० ते ३५,००० माणसं रोज योग्य कारणाशिवाय अशी किंवा नैराश्यावरची औषधं घेतायत. 'लागेल तेव्हा' द्यायची गोळी महिन्यात किती वेळा दिली गेली, तो तक्ता मागत जा. शनिवार-रविवारी आकडा वाढत असेल तर तो रोट्याचा आजार आहे, मुलीचा नाही.

दाराला कुलूप असणार आणि तिला एकटीला बाहेर जाता येणार नाही, तर केअर होमला त्यासाठी 'डोल्स'ची, म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन घालायची, परवानगी काढावी लागते. ती जास्तीत जास्त वर्षभराची असते. त्यात तिचे प्रतिनिधी म्हणून तुमच्यापैकी एकाचं नाव लावून घ्या. ती १८ ची झाली तेव्हाच कागदोपत्री तुमचा अधिकार संपलाय. तिच्या निर्णयांत तुमचं मत विचारात घ्यावं लागतं, पण विचारायचं राहून गेलं असं फार वेळा होतं.

आणि श्रीकांतकाका, तुमचं आणि काकूंचं स्वतःचं 'केअरर्स असेसमेंट' (सांभाळणाऱ्यांच्या गरजांची पाहणी) झालंय का? केअर अ‍ॅक्ट २०१४ खाली तो तुमचा हक्क आहे. आजवर एकाही मराठी आईने ते आपणहून मागितलेलं मी पाहिलं नाही.

प्राजक्ता

---

प्रेषक: यादी व्यवस्थापक

कृपया कुठल्याही होमचं किंवा संस्थेचं नाव घेऊन तक्रार इथे लिहू नये. या यादीचा संग्रह सगळ्या सभासदांना खुला आहे. चर्चा चालू ठेवा.

---

प्रेषक: निखिल, मिल्टन कीन्स

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मुलगी सज्ञान आहे, तेव्हा काउन्सिल फक्त तिची मिळकत आणि तिची बचत बघते. तुमचं घर, तुमचं पेन्शन मोजत नाहीत. इंग्लंडमध्ये तिच्या नावावर २३,२५० पौंडांहून जास्त असेल तर केअरचा सगळा खर्च तिच्यावर येतो. १४,२५० च्या खाली बचतीला हात लागत नाही. म्हणून मृत्युपत्रात तिच्या नावावर थेट काही ठेवू नका. डिस्क्रिशनरी ट्रस्ट (पैसे कधी, किती द्यायचे ते ट्रस्टी ठरवतात असा) करा, त्यातलं काम नियमित करणाऱ्या सॉलिसिटरकडूनच. मोठ्या मुलीला ट्रस्टी करणार असाल तर तिला आधी विचारा, गृहीत धरू नका. आणि पुण्याच्या आजीला सांगा, नातीच्या नावाने एफडी नको. प्रेमाने केलेल्या अशा दोन एफडी मी निस्तरल्यात.

निखिल

---

प्रेषक: श्रीकांत, लेस्टर

सगळ्यांचे आभार. काका, राग नाही, फ्लॅट आम्ही भाड्यानेच ठेवतोय.

शनिवारी संध्याकाळी दोन्हीकडे जाऊन आलो. मोठ्या ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलीने अदबीने बसवलं आणि सोमवारी फोन करा म्हणाली. आत जाता आलं नाही. तलावावर झाकण होतं, दुरुस्ती चालू आहे म्हणे. जवळच्या घरात थेट स्वयंपाकघरात गेलो. दोघी कर्मचारी रोजच्याच, एक जण तर बरीच वर्षं तिथे आहे, राहणाऱ्या मुलांच्या चेष्टा-मस्करी तिला पाठ. आम्हाला घर आवडलं. पण भिंतीपलीकडच्या खोलीतला गडी रात्री मोठ्याने ओरडतो, ते त्यांनीच आपणहून सांगितलं. आमच्या मुलीला आवाज सोसत नाही, तेव्हा ते जमणार नाही.

सोशल वर्करला लिहिलंय: अंतर एवढंच, माणसं अशीच, पण शांत खोली. थांबावं लागेल म्हणाली. केअरर्स असेसमेंटचा अर्ज हिने स्वतः भरला, आणि तोवर आठवड्यातून दोन रात्री रेस्पिट (आम्हाला विसावा म्हणून मुलीची तात्पुरती सोय) मागितलाय. मिडलंड्समध्ये रेस्पिट कुणी वापरलंय का? रात्री जागा कर्मचारी असतो की झोपलेला, एवढंच आधी कळलं तरी पुरे.

श्रीकांत